मी २४ वर्षांचा आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिस असताना शिक्षकाची नोकरी जमते का? घरचे म्हणतात बाहेरच्या खाण्याने झालं, पथ्य पाळलं की गोळ्या सुटतील. खरं आहे का?

नोकरी जमते. मी इंदूरच्या एका शाळेत गणित शिकवते, २०११ पासून मला हाच आजार आहे आणि नोकरी सुटलेली नाही. पथ्याने गोळ्या मात्र सुटत नाहीत. तू २४ वर्षांचा, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचा, म्हणून एकेरीच लिहिते.

'बाहेरच्या खाण्याने झालं' हे वाचलं आणि राहवलं नाही. माझे मामा गेली कित्येक वर्षं हेच सांगत आलेत, "रात्री-बेरात्री सराफ्यात खात हिंडायची, भोवलं." सराफा म्हणजे इथला रात्रीचा खाऊबाजार. अख्खं इंदूर तिथे गराडू (तळलेला कंद) आणि भुट्ट्याचा कीस खातं, सकाळी पोह्यांवर मूठभर सेव घालून घेतं. तसं असतं तर इथे घरटी एक कोलायटिसचा रोगी निघाला असता. ह्या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती मोठ्या आतड्याच्या अस्तरावर उलटते, तिथे व्रण पडतात, रक्त आणि आव पडते. आनुवंशिकतेचा थोडा भाग असतो, बाकी नेमकं एक कारण डॉक्टरांनाही बोट ठेवून सांगता येत नाही. मामांना मात्र येतं.

माझे पहिले सात महिने मूळव्याधीच्या औषधात गेले. कोलोनोस्कोपी, म्हणजे नळीच्या कॅमेऱ्याने मोठ्या आतड्याची तपासणी, झाली तेव्हा खरं कळलं. मेसालामाइन ही आतड्याची सूज आवरणारी गोळी सुरू झाली आणि पुढची दोन-अडीच वर्षं चांगली गेली. २०१४ च्या पाडव्याला मामा घरी आले. "अगं, बरं वाटतंय ना? मग रोज ते विष कशाला पोटात घालतेस?" म्हणाले आणि त्यांच्या ओळखीच्या एका वैद्यांचं चूर्ण हातात दिलं. आईनेही री ओढली. मी गोळ्या बंद केल्या. पाच महिने काही झालं नाही. मामा जाईल तिथे हे सांगायचे.

महालक्ष्म्यांच्या आधी रक्त दिसायला लागलं. मी कुणाला बोलले नाही, सणासुदीचं घर. जेवणाच्या दिवशी आग्रहाखातर तीन पुरणपोळ्या खाल्ल्या.

अनंत चतुर्दशीला आमच्या रामबागेतल्या घरी झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले सजवलेले देखावे, बघायला पाहुणे येतात. गिरण्या बंद पडून इतकी वर्षं झाली तरी हुकुमचंद, मालवा, कल्याण मिलच्या झांक्या निघतात, रात्रभर चालतात. त्या वर्षी घरात अकरा पाहुणे आणि संडास एक. संध्याकाळी आठ ते रात्री एक ह्या वेळात मी अठरा वेळा गेले. दर वेळी दोन मिनिटांत कुणीतरी कडी वाजवायचं. "झालं का गं?" आतमध्ये मी भिंतीला डोकं टेकून बसलेली, हातात हिरवा मग, त्यातलं पाणी हाताच्या थरथरीने सांडतंय. बाहेर आखाड्यांचे ढोल. भांड्यात नुसतं रक्त. मग उठता येईना.

रस्ते सगळे बंद, ऑटो आत येईना. ह्यांनी मला धरून गल्ल्यागल्ल्यांतून स्कूटर लावली होती तिथवर नेलं. सीटवर जुना टॉवेल घडी करून घातला, कारण आवरता येत नव्हतं. पहाटे तीनला दवाखान्यात पोचलो. हिमोग्लोबिन ६.४. रक्ताच्या दोन पिशव्या, शिरेतून स्टिरॉइड, नऊ दिवस मुक्काम. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गोळ्या कधी बंद केल्या?" मामा भेटायला आले तेव्हा म्हणाले, "तीन पुरणपोळ्या खाल्ल्यावर दुसरं काय होणार!"

पोळ्यांनी त्रास वाढला असेल. रक्त पोळ्यांच्या आधी सुरू झालं होतं.

म्हणून सांगते, बरं वाटतं ते गोळीमुळे. घरचे काहीही म्हणोत, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही बंद करायची नाही.

नोकरीचं म्हणशील तर मुख्याध्यापिकांना स्पष्ट सांग. मी लाजून तीन वर्षं लपवलं, ती वाया गेली. आता माझा पहिला तास मोकळा असतो आणि शेजारच्या वर्गावरच्या बाई दोन्ही वर्गांकडे बघतात, मी हात वर केला की त्यांना कळतं. मी पहाटे साडेचारला उठते. पर्समध्ये कपड्यांचा एक जोड, पिशवी आणि ओले रुमाल कायम. ट्रेनमध्ये दाराजवळची खालची बर्थ. इंदुरात आता सार्वजनिक स्वच्छतागृहं जागोजागी आणि वापरण्यासारखी आहेत, २०११ मध्ये ही सोय मला नव्हती.

पथ्य म्हणजे आजार उसळलेला असताना मऊ भात, पातळ वरण, साली-बियांचं आणि कच्चं कमी. एरवी काय सोसतं ते वहीत लिहून ठेव. मला दूध चालतं, राजमा नाही. तुझं उलट असेल. आणि डोकं-पाठ दुखली म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणून घेऊ नकोस, ह्या गोळ्यांनी आजार उसळू शकतो.

मी डॉक्टर नाही. माझा आजार मेसालामाइनवर आवरला, सगळ्यांचा आवरत नाही, काहींना ॲझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) किंवा त्यापुढची इंजेक्शनं लागतात. आठेक वर्षं झाली की कॅन्सरवर लक्ष ठेवायला ठरावीक काळाने कोलोनोस्कोपी करावी लागते, तीही टाळू नकोस. सगळेच वैद्य गोळ्या सोडायला सांगतात असंही नाही. माझ्या बाबतीत तर वैद्यांनी मला तपासलंच नव्हतं, चूर्ण मामांनी परस्पर आणलं होतं.

मामा आता ७९ वर्षांचे आहेत. गेल्या मे महिन्यात एका मुंजीत, भर पंगतीत पुन्हा म्हणाले, "हिला सराफा भोवला." मी वाढत होते, गप्प राहिले. त्यांची बीपीची गोळी वीस वर्षांत एक दिवस चुकलेली नाही, त्यामुळेच ते धडधाकट आहेत आणि मला त्याचा आनंद आहे. मग माझी तेवढी गोळी विष कशी, हे त्यांना विचारायचं राहिलंय.