"जाळी आत आहे, काढूनच टाकू का?"

खोकलं, शिंकलं की लघवी सुटायची, म्हणून आठ वर्षांपूर्वी ताईंनी ऑपरेशन करून घेतलं होतं. मूत्रनलिकेखाली जाळीची पट्टी बसवली आणि त्रास थांबला. मग "अमेरिकेत जाळीवर बंदी" अशी बातमी वाचनात आली आणि त्यांची झोप उडाली.

मी आधी ऑपरेशनचे कागद मागितले, कारण जाळी म्हणजे सगळी एकच नव्हे. एप्रिल 2019 मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने विक्री थांबवली ती 'अंग बाहेर येणं' यासाठी योनीमार्गातून बसवायच्या जाळीची. ताईंची पट्टी त्यात येत नव्हती. पण भीती अगदीच निराधार होती असंही नाही. इंग्लंडमध्ये 2018 मध्ये अशा पट्ट्यांचा वापरसुद्धा थांबवला गेला. हे त्यांच्यापासून लपवणं मला पटलं नसतं.

"मग काढूया ना!"

ही पट्टी पॉलिप्रॉपिलीनची असते. तिच्या छिद्रांमधून आपलंच मांस वाढतं, म्हणून ती पक्की बसते आणि म्हणूनच काढणं अवघड जातं. काढताना मूत्रनलिकेला इजा होऊ शकते, लघवीचा त्रास परतू शकतो. काहीच तक्रार नसेल तर नेहमीची तपासणी पुरते.

ताई निवांत झाल्या, उठल्या. दाराशी मात्र पर्सची चेन उघडमीट करत थांबल्या. "एक सांगू? जवळ आल्यावर यांना काहीतरी टोचतं. दीड वर्ष झालं. मी काहीतरी कारण काढून टाळते."

मी त्यांना परत बसवलं. हे मीच आधी विचारायला हवं होतं. आता जाळी बसवलेल्या प्रत्येकीला पहिल्याच भेटीत विचारते: संबंधाच्या वेळी दुखतं का, जोडीदाराला टोचतं का, अंगावरून रक्त किंवा वेगळाच स्राव जातो का, जांघेत दुखतं का, लघवीला वारंवार जंतुसंसर्ग होतो का. यातलं काहीही असलं, तर ऑपरेशनला दहा वर्षं झाली असली तरी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून आतून तपासून घ्यायला हवं.

ताईंच्या तपासणीत पट्टीची कड योनीच्या आतल्या अस्तरातून वर आलेली दिसली. आधी इस्ट्रोजेनचं मलम दिलं. तेवढ्याने भागलं नाही, तेव्हा उघडा पडलेला तुकडा कापून वर टाके घातले. अख्खी पट्टी काढावी लागली नाही.

पुढच्या भेटीला त्या नवऱ्याला घेऊन आल्या. टोचण्याचा विषय या वेळी त्यांनीच काढला. "हिला वाईट वाटेल म्हणून मीही गप्प होतो," ते म्हणाले.