नोकरी, घराची दुरुस्ती आणि ढोरं, तिन्ही एकदम आलं तर आधी काय हातात घ्यायचं?

भाऊ, तुम्ही विचारलंय की नोकरी धुळ्याला, गाव पारोळा तालुक्यात, सुट्टी फक्त रविवारची, घरी एक म्हैस, पाच बकऱ्या, थोड्या कोंबड्या, त्यात जुन्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घराची दुरुस्ती काढलीय, तर हे सगळं बसवायचं कसं. मी एरंडोल तालुक्यातला, जळगावच्या एमआयडीसीत कामाला, सकाळी साडेसातला घर सोडतो ते संध्याकाळी सातला परत. घरी दोन म्हशी आणि आठ बकऱ्या. तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसलो, कारण यात मी एकदा मोठी चूक केलीये आणि ती तुमच्याकडून होऊ नये असं मनापासून वाटतं.

झालं असं की आखाजी (अक्षय तृतीया) झाल्यावर मी मागची भिंत आणि गोठ्याचे पत्रे दोन्ही एकदम काढले, म्हटलं चार-पाच रविवारात उरकू. मिस्तरी दोन रविवार आलाच नाही, तिसऱ्या रविवारी रेती नव्हती, आणि या सगळ्या धावपळीत बकऱ्यांची आंत्रविषाराची लस राहून गेली. ही लस पावसाच्या आधी द्यायची असते आणि पहिल्यांदाच देत असाल तर चौदा दिवसांनी परत द्यावी लागते, म्हणजे मे महिन्यातच हालचाल करायची. मृगाचा पाऊस झाला, आठ दिवसात कोवळं गवत आलं, आणि माझ्या दोन पाठी (बकरीची मादी पिल्लं), कळपातल्या सगळ्यात गुटगुटीत, संध्याकाळी छान चरून आल्या आणि सकाळी गोठ्यात मेलेल्या सापडल्या. हा रोग धष्टपुष्ट पिल्लांनाच आधी धरतो, कोवळा चारा पोटभर खाल्ला की आतड्यातले जंतू भराभर वाढतात आणि त्यांचं विष अंगात भिनतं, डॉक्टरला फोन करायलाही वेळ मिळत नाही. भिंत आणखी महिनाभर तशीच राहिली असती तरी काही बिघडलं नसतं.

आबा तेव्हा एवढंच म्हणाले, "पहिले ढोरेस्ले देख, मंग घरले," म्हणजे आधी ढोरांकडे बघ, मग घराकडे. तेव्हापासून मी दुरुस्तीचा क्रम जनावरांकडे बघून लावतो. म्हणजे काय, तर जी मोडकी गोष्ट रोज सकाळी तुमची पंधरा-वीस मिनिटं खाते ती सगळ्यात आधी दुरुस्त करायची, मग ती दिसायला कितीही छोटी असो. घराचा रंग, पुढची फरशी, ओटा, हे सगळं नंतर.

आमच्याकडे तो वेळ पाण्यात जात होता. म्हैस उन्हाळ्यात दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी सहज पिते, दोन म्हशी, बकऱ्या, धुणंभांडं, आणि नळाला पाणी चार दिवसाआड, म्हणजे सकाळ-संध्याकाळ नुसत्या बादल्या वाहणं. मी एका रविवारी पाचशे लिटरची टाकी जरा उंचावर ठेवली, खाली गोठ्यात छोटा हौद बांधला आणि त्याला बॉलकॉक बसवला, आता ढोरं पितील तसा हौद आपोआप भरतो. खर्च फार नाही आला पण सकाळचा अर्धा तास सुटला आणि मुख्य म्हणजे दुपारी मी कामावर असताना जनावर तहानलेलं राहत नाही, आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा हे फार मोठं आहे. त्याच्यानंतर फाटकाची कडी आणि गव्हाण केली. कडी तुटकी असेल तर बकऱ्या सुटतात, शेजाऱ्याच्या कपाशीत घुसतात, मग कामावर असताना फोन येतो.

आता धाब्याचं. धाबं गळत असेल तर खारी माती टाकायचं काम रोहिणी नक्षत्राच्या आत, म्हणजे पंचवीस मेच्या आधी उरकून घ्या, मृगाची वाट बघत बसू नका, कारण त्या आठवड्यात गावातले सगळेच माणूस शोधतात आणि मजूर मिळत नाही. माती टाकायच्या आधी पन्हाळी मोकळ्या आहेत का बघा, आणि छताची वाळवी लागलेली एखादी लाकडी कडी असेल तर आधी ती बदला, नाहीतर वरचं वजन वाढून सगळंच खाली येईल. सिमेंटचं काम मात्र उन्हाळ्यात काढू नका असं मी सांगेन. प्लास्टरला निदान सात दिवस पाणी मारावं लागतं, आपल्या उन्हात दोन वेळाही पुरत नाही, ओली गोणपाटं लावावी लागतात, आणि तुम्ही तर सोमवारी सकाळी धुळ्याला निघणार, मग पाणी मारणार कोण? मी माझं प्लास्टर डिसेंबरात केलं, आबांनी सकाळ-संध्याकाळ पाइप धरला आणि एकही तडा गेला नाही.

एक गोष्ट फार महत्त्वाची, ही कुणी सांगत नाही. बांधकाम चालू असताना बांधणीच्या तारेचे तुकडे आणि खिळे चाऱ्यात जातात. म्हैस-गाय बकरीसारखं निवडून खात नाही, तार तशीच गिळते, ती पोटात टोचते आणि तिथून हृदय अगदी जवळ असतं. जनावर खाणं सोडतं, पाठ वाकवून उभं राहतं, दूध एकदम कमी होतं. म्हणून काम कडब्यापासून लांब करा, आणि मिस्तरी गेला की जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून सगळ्या अंगणात फिरवा. मी पहिल्यांदा फिरवलं तेव्हा मूठभर तारा निघाल्या, अंगावर काटा आला.

गोठ्याच्या पत्र्यावर ऊन लागू नये म्हणून आपल्याकडे पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) टाकतात, त्या टाकू नका, गुलाबी बोंडअळी त्यात दडून राहते आणि पुढच्या कपाशीवर येते. तुराट्या (तुरीच्या वाळलेल्या काड्या) टाका, तारेने नीट बांधा, वरून पत्र्याला चुना मारला तर अजून बरं.

आठवड्याच्या दिवसात दुरुस्तीचं नावच काढू नका. सोमवार ते शनिवार फक्त धार, चारा, शेण, एवढंच. धारेची वेळ मात्र रोज तीच ठेवा, सुट्टीच्या दिवशीही. रविवारी दुपारी बारापर्यंत काय दुरुस्ती होईल ती करा, ऊन तसंही पुढे काही करू देत नाही, आणि संध्याकाळ पूर्ण ढोरांना द्या. मी त्या वेळात प्रत्येक बकरीची खालची पापणी ओढून बघतो, लालसर गुलाबी असली तर ठीक, पांढरट दिसली तर जंत झालेत असं समजून औषधाचं विचारतो, मग गोचीड बघतो, खुरं बघतो. 2022 मध्ये लंपी (गुरांच्या कातडीचा साथीचा रोग) आपल्याच रावेर तालुक्यातून राज्यभर पसरली तेव्हा अंगावरच्या गाठी रोज हात फिरवणाऱ्यांनाच आधी सापडल्या. पशुवैद्यकीय मदतीचा 1962 हा नंबर फोनमध्ये टाकून ठेवा, घरच्यांच्या फोनमध्येही, कारण जनावर आजारी पडतं तेव्हा तुम्ही ऑफिसात असता.

आणि घरच्यांशी आधी बसून बोला. आपण कामावर गेलो की सगळं बायकोवर आणि म्हाताऱ्या माणसांवर पडतं, माझ्या घरात दोन वर्षं हेच चालू होतं आणि मी ते बघतच नव्हतो. आता कुट्टी मी रात्रीच करून ठेवतो आणि शेण सकाळी मीच काढतो, तिच्याकडे फक्त संध्याकाळची धार. सालदार परवडत नसेल तर शेजारच्या एखाद्या पोराला रोज दुपारचा एक तास ठरवून घ्या, पैसे वेळेवर द्या. तरीही जमत नसेल तर दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत दोन बकऱ्या कमी करा, नंतर परत घेता येतात.

तुमच्याकडे नळाला पाणी किती दिवसाआड येतं आणि गोठा घराला लागून आहे का लांब, ते लिहा, म्हणजे टाकी कुठे बसवायची ते मी नीट सांगू शकेन.