फ्रान्समध्ये नदीकाठानं आणि द्राक्षबागांतून, गाड्या नसलेल्या सपाट रस्त्यांवर आठवडाभर सायकल चालवायची आहे. रोड बाइक न्यावी की हायब्रिड? आणि सपाट रस्त्याचा कंटाळा येत नाही का?

कंटाळा येत नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतोय, कारण पुण्यातल्या एका मित्राशी माझा याच मुद्द्यावर कित्येक वर्षं वाद चालू आहे. दर रविवारी कात्रज नाहीतर सिंहगड करणारा माणूस आहे तो. त्याच्या पायांतल्या ताकदीबद्दल मला आदरच आहे. पण "घाट नाही ती राइड नाही, सपाटीवर म्हातारीकोतारी चालवतात" हे त्याचं वाक्य मला तेव्हाही लागलं होतं आणि आजही लागतं. आयुष्यभर सपाटीवर सायकल चालवलेला म्हातारा माझ्या घरात आहे.

मी कामानिमित्त ल्योंला राहतो. इथून उत्तरेला सोन नदीचं खोरं आहे आणि त्याच्या पश्चिम कडेला बरगंडीच्या द्राक्षबागा. तुम्ही विचारताय तसा मुलूख मला तरी याहून चांगला माहीत नाही. नदीकाठानं 'व्हॉय ब्लू' नावाचा सायकलमार्ग आहे, लक्झेंबर्गच्या हद्दीपासून ल्योंपर्यंत सुमारे ७०० किलोमीटर. तो सगळा करायची गरज नाही. शालों-सुर-सोन हे गाव मध्याला धरा. तिथून एक वाट कालव्याच्या काठानं शान्यी आणि सांतनेला जाते, पुढं बागांमधून मर्सो, व्होलने, पोमार करत बोनला पोचते. दुसरी वाट झिव्रीहून क्ल्यूनीला जाते, ४४ किलोमीटर, जुन्या रेल्वेलाइनवरून. १९९७ साली फ्रान्समधली पहिली 'व्हॉय व्हर्त' म्हणून हाच तुकडा खुला झाला. व्हॉय व्हर्तवर मोटारीला, मोटरसायकलला मनाईच असते. फक्त सायकल, पायी चालणारे, व्हीलचेअर, क्वचित घोडा. आणि आगगाडीला चढ झेपत नाही, त्यामुळं तिच्या जुन्या वाटेवर सायकललाही चढ फारसा लागत नाही.

आता अण्णांचं, माझ्या वडिलांचं, सांगतो, म्हणजे मी एवढं का लिहितोय ते कळेल.

आमचं गाव पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी. अण्णांनी उभी नोकरी किर्लोस्करवाडीच्या शिफ्टला सायकलनं जाऊन केली, आणि शिफ्टच्या आधी-नंतर द्राक्षबाग. (ती वाडी वसवणाऱ्या लक्ष्मणरावांची सुरुवात बेळगावात सायकलच्या दुकानातनं झाली, हे अण्णा प्रत्येक नव्या माणसाला सांगतात.) निवृत्तीनंतरही बागेत जाणं सायकलवरच. मग एका गळीत हंगामात, दिवेलागणीला, दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर त्यांना ओलांडून गेला आणि मागची ट्रॉली आत दाबली. अण्णा चरीत पडले, मनगट मोडलं. ट्रॉलीला ना दिवा, ना रिफ्लेक्टर. मनगट जुळलं, पण आईनं आणि थोरल्या भावानं सायकल माडीवर नेऊन टाकली ती कायमची. भावाला मी दोष देत नाही. त्या रस्त्यावर मीही त्यांना जाऊ दिलं नसतं. पण कृष्णेचं खोरं तळहातासारखं सपाट आहे, आणि तिथं सायकल चालवणाऱ्या माणसाला घाटानं थांबवलेलं नाही, रस्त्यावरच्या गाड्यांनी थांबवलंय.

आई-अण्णा इकडं आले तेव्हा भाऊ फोनवर सांगत होता, मोठी गाडी भाड्यानं घे, सगळं दाखव. आईला मी गाडीनं फिरवलंच. अण्णांना घेऊन मात्र शालोंला गेलो, सरळ हँडलची साधी सायकल भाड्यानं घेतली, सीट पाय जमिनीला टेकतील इतकी खाली केली आणि कालव्याच्या वाटेला लागलो. हा कालवा १७९० च्या दशकातला, सोन आणि ल्वार या नद्यांना जोडणारा. घोड्यांनी होड्या ओढायच्या त्याच काठावरून आता सायकली जातात.

पहिला तासभर मागं कसलाही आवाज झाला की अण्णा आपोआप कडेच्या गवतात उतरायचे. मागून येणारी सायकलच असायची. दरवेळी तो माणूस "बोंझूर" म्हणून निघून जायचा आणि अण्णा परत वाटेवर यायचे. मी काही बोललो नाही. शान्यी जवळ आली तेव्हा लक्षात आलं की त्यांचं उतरणं थांबलंय. मग आम्ही शेजारी-शेजारी चालवायला लागलो आणि अण्णा बोलायला लागले. आजोबांनी पहिली बाग लावली तेव्हाचं कर्ज, दुष्काळात टँकरनं घातलेलं पाणी, अवकाळीनं मणी तडकले ते वर्ष. घरात आम्ही दोघं समोरासमोर बसलो की हे कधी निघत नाही. मित्राला मी हेच सांगत आलोय, घाटात माणूस दम राखतो, त्याला बोलायला होत नाही. सपाटीवर बोलणं होतं, आणि बाजूला काय चाललंय तेही दिसतं.

आणि अण्णांना जे दिसलं ते मला एकट्याला कधीच दिसलं नसतं. जून होता. मर्सोच्या बागांत वेली कमरेइतक्या, ओळीत नि वेलीत मीटरभर अंतर. अण्णांनी सायकल भिंतीला लावली आणि एका पानावर अंगठा फिरवला. निळसर पूड. "बोर्डो," ते म्हणाले. मोरचूद आणि चुना, डावणी या द्राक्षावरच्या बुरशीरोगाचं औषध. तासगावकडं ते प्रत्येक बागायतदार मारतो आणि ते निघालं याच देशातनं. ओळीत काम करणाऱ्या माणसानं तो शब्द ऐकला आणि मान हलवत जवळ आला. पुढं बराच वेळ मी फक्त दुभाषी होतो.

एकरी किती झाडं? चार हजार. आमच्याकडं हजाराच्या आतबाहेर, पण मांडवावर. छाटणी? थंडीत एकदाच. अण्णांनी एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी समजावली, तेव्हा वेलीला झोपच मिळत नाही का, असं तो विचारत होता. "हितं ड्रिप कुठाय?" ड्रिप नाहीच, पाणी देतच नाहीत, दर्जाच्या नियमात बसत नाही. अण्णांना ते पटेना. आणि उत्पन्न? चांगल्या बागेत एकरी दोन-अडीच टन. आमच्याकडं दहा-बारा टन निघतात. अण्णा मला म्हणाले, "येवढ्यात घर चालतंय का, इचार त्याला." त्यानं डोंगराच्या अंगाला हात केला. तिकडं मोंराशे ही नावाजलेली बाग आहे, सगळी मिळून वीस एकराच्या आसपास, आणि तिच्यात डझनाहून जास्त मालक. नेपोलियनच्या कायद्यापासून इथं मुलांना सारखा वाटा मिळतो, म्हणून बागांचे असे तुकडे. एवढं ऐकल्यावर अण्णांना पुढं काही समजवावं लागलं नाही. वाटण्या त्यांनी पाहिल्यात. त्या माणसानं बाटली काढली, अण्णा माळकरी, हात जोडून नको म्हणाले. त्यानं आतून द्राक्षाचा रस आणून दिला. वाइनच्या मुलखात वाइन न पिता काय करणार, असं मला कित्येकांनी विचारलंय. हे करायचं.

तेवढ्यात शेजारच्या ओळीतून उंच पायांचा ट्रॅक्टर वेलींना पोटाखाली घेऊन गेला. अण्णांनी त्याचा व्हिडिओ काढला, तो गावात अजून फिरतोय.

क्ल्यूनीचा रस्ताही केला. रोमचं सेंट पीटर्स होईपर्यंत तिथलं मठाचं चर्च ख्रिस्ती जगात सगळ्यांत मोठं होतं. राज्यक्रांतीनंतर ते पाडून दगड विकले, आता थोडा भाग उभा आहे. पुढं ब्वा-क्लेरचा १.६ किलोमीटरचा जुना रेल्वे बोगदा लागतो. आत भर उन्हाळ्यातही गार असतं, जर्किन हाताशी ठेवा. तिथून माकों, आणि माकोंहून सोनच्या काठानं वर तुर्नू आणि शालों. ही नदी इतकी संथ आहे की कुठल्या दिशेला वाहते ते डोळ्याला ठरवता येत नाही, असं ज्यूलियस सीझरनं दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. आजही तसंच आहे.

सायकलीचं: बहुतेक वाट डांबरी आहे, नदीकाठी काही ठिकाणी दाबलेली बारीक खडी लागते. रोड बाइक असेल तर २८ मिलिमीटर रुंदीचे टायर घाला, २५ नको. सामान सोबत असेल तर हायब्रिड बरी. भारतातून सायकल आणायच्या भानगडीत पडू नका, इथं भाड्यानं मिळतात. वेगाचा हिशोब डोक्यात असेल तर मात्र इकडं येऊ नका, त्याला आल्प्स जवळच आहेत.

काही गोष्टी राहिल्या. बोन ते सांतने हा तुकडा पुरता सपाट नाही आणि पुरता मोकळाही नाही. तो शेतरस्ता आहे, ट्रॅक्टर आणि बागवाल्यांच्या व्हॅन येतात, पण हळू येतात. हिवाळ्यात नदी काठ सोडून कुरणांत पसरते, तेव्हा काठची वाट पाण्याखाली जाऊ शकते. बोगदाही वटवाघळांच्या झोपेसाठी नोव्हेंबर ते मार्च बंद असतो, मग वरून खिंड चढावी लागते. मे, जून, सप्टेंबर हे महिने चांगले. जुलै-ऑगस्टमध्ये नदीकाठी सावली कमी, पाणी संपलं तर गावाच्या दफनभूमीत नळ असतो. उत्तरेचा वारा सुटला की सपाटीवरही पाय भरून येतात, हे मित्राचं म्हणणं नसलं तरी माझं आहे. अशा दिवशी उत्तरेकडून दक्षिणेकडं चालवा. दारूची मर्यादा, रक्तात लिटरला ०.५ ग्रॅम, सायकलवाल्यालाही लागू आहे, म्हणून वाइनची चव मुक्कामी पोचल्यावरच घ्या.

ल्यों, माकों, तुर्नू, शालों, शान्यी, बोन ही सगळी गावं एकाच रेल्वेलाइनवर आहेत आणि तिथल्या साध्या गाड्यांत सायकल चढवता येते. कुणी थकलं तर पुढच्या स्टेशनवर थांबायचं. घरातलं कुणी वयस्कर तुमच्यासोबत येण्यासारखं असेल तर त्यांना विचारून बघा. दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर धरा, आणि ई-बाइक त्यांनी मागितली तरच घ्या. अण्णांनी मागितली नाही.