प्रश्न तुमचे : उपचार संपले, पण झोप लागेना

प्रश्न : वय ५२. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, किमो, रेडिएशन होऊन दीड वर्ष झालं. कॅन्सर पुन्हा उलटू नये म्हणून रोज लेट्रोझोलची गोळी चालू आहे. रात्री साडेनऊला अंग टाकते, सकाळी सहाला उठते, पण झोप जेमतेम साडेपाच तास. दोननंतर घड्याळ बघत पडून राहते. झोपेच्या गोळ्या नकोत. काय करू?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, आठवड्यातून तीन रात्री तरी आणि तीन महिन्यांहून जास्त काळ असं चाललं असेल, तर हा निद्रानाश आहे. ‘अशक्तपणा आहे, जाईल’ म्हणून सोडून देऊ नका. किमोच्या दिवसांत माणूस लवकर आडवा होतो, दुपारीही लवंडतो, आणि तेव्हा ते योग्यच असतं. उपचार संपतात, सवय मात्र राहते. मग गादी ही जागं पडून राहायची जागा होऊन बसते.

यावरच्या उपचाराला सीबीटी-आय म्हणतात, म्हणजे झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलचे विचार बदलायचा, बिनगोळ्यांचा उपचार. जुनाट निद्रानाशावर गोळ्यांआधी हाच उपचार द्यावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ साली केली. कॅन्सरमधून बऱ्या झालेल्यांमध्येही तो उपयोगी ठरला आहे.

पहिला आठवडा काही बदलू नका, फक्त वही ठेवा. सकाळी उठल्यावर अंदाजाने लिहा : गादीवर कधी गेले, झोप कधी लागली, मध्ये किती वेळ जागी होते, कधी उठले. तुमच्या पत्रातला हिशेब मांडला, तर साडेआठ तास गादीवर आणि साडेपाच तास झोप, म्हणजे गादीवरच्या वेळेपैकी सुमारे ६५ टक्के झोप. हा आकडा ८५च्या पुढे न्यायचा आहे.

त्यासाठी गादीवरचे तास कमी करायचे. उठायची वेळ आधी ठरवा, समजा साडेपाच. तिथून साडेपाच तास मागे मोजा. म्हणजे बारा वाजेपर्यंत गादीवर जायचंच नाही. वाचून धसका बसेल, पण खरं काम हेच करतं. कोमट दूध, पायाला तेल, मंद संगीत यांनी बरं वाटतं. एवढ्यावर जुनाट निद्रानाश हटत नाही. आठवड्याची सरासरी ८५ टक्क्यांवर गेली की १५ मिनिटं आधी, पावणेबाराला झोपा. ८० ते ८५ असेल तर आहे तेच ठेवा. ८०च्या खाली गेली तर १५ मिनिटं कापा, पण पाच तासांच्या खाली कधीच नको. रविवारीही उठायची वेळ तीच.

बिघडतं ते बहुधा रात्री नऊ-दहाच्या सुमाराला. मालिका बघता बघता खुर्चीत डुलकी लागते आणि बारापर्यंत साठलेली झोप तिथेच खर्च होते. त्या वेळी टेकून बसू नका, उद्याची भाजी निवडायला घ्या. दुपारी अगदीच राहवलं नाही तर तीनच्या आत, गजर लावून २० मिनिटं. पहिले एक-दोन आठवडे दिवसा जास्त पेंग येईल, तेव्हा स्कूटर चालवू नका. फिट्स येत असतील, बायपोलर आजार असेल किंवा कॅन्सर मेंदूत पसरलेला असेल, तर हे तास कापणं स्वतःच्या मनाने करायचं नाही.

रात्री जाग आली आणि साधारण २० मिनिटं झाली असं वाटलं की उठा. घड्याळ भिंतीकडे फिरवून ठेवा; वेळ बघितली की उरलेल्या तासांची वजाबाकी सुरू होते. मंद दिव्यात वाती वळा, मोबाइल नको. डोळे मिटायला लागले की परत गादीवर. घर एका खोलीचं असेल तर कोपऱ्यातली खुर्ची चालेल, गादी सोडणं महत्त्वाचं.

‘पुन्हा उलटलं तर?’ हा विचार दोन वाजताच येतो. त्याला संध्याकाळी सहाची वेळ द्या. १५ मिनिटं, वहीत दोन रकाने : काळजी कसली, आणि त्यावर उद्या काय करता येईल. दुसरा रकाना रिकामा राहिला तरी चालेल.

लेट्रोझोलने अंगातून वाफा येऊन जाग येत असेल, तर सुती कपडे, एका जाड रजईऐवजी दोन पातळ चादरी आणि उशाशी ओला रुमाल ठेवा. गोळी मनाने बंद करू नका.

योगाचाही आधार आहे. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४१० जणांपैकी एका गटाला चार आठवडे, आठवड्यातून दोनदा ७५ मिनिटं सौम्य आसनं, श्वसन आणि ध्यान शिकवलं. त्यांची झोप दुसऱ्या गटापेक्षा जास्त सुधारली. मात्र लेट्रोझोलने हाडं ठिसूळ होऊ शकतात, म्हणून जोराने पुढे वाकणं आणि पीळ देणं टाळा.

हे एकटीने जमत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे चार ते आठ बैठकांत होतं. मन फार खचलं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

प्रश्न : वडिलांना तोंडाच्या कॅन्सरसाठी मानेवर रेडिएशन झालं. आता ते रात्री घोरतात, दिवसभर पेंगतात. वरचेच उपाय करावेत का?
– तासगाव

उत्तर : आधी तपासणी. मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकणं आणि दिवसा पेंग असेल, तर स्लीप अॅप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास वारंवार थांबण्याच्या आजाराची शंका येते. त्यात झोपेचे तास कापणं धोक्याचं. मानेवरच्या रेडिएशननंतर थायरॉइड मंदावू शकतं, म्हणून टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) दर ६ ते १२ महिन्यांनी करायचा असतो. तोही बघून घ्या.

प्रश्न : दुधात जायफळ घालून प्यावं का?
– सांगली

उत्तर : चिमूटभर, चवीपुरतं. झोप येत नाही म्हणून चमचा-दीड चमचा पूड घेतली तर छातीत धडधड, उलट्या आणि भ्रम होऊ शकतो. दूधही झोपायच्या तासभर आधी घ्या, नाहीतर लघवीला उठावं लागतं.