दुबईहून आलेलं कॉड लिव्हर ऑइल ६ वर्षांच्या मुलाला द्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगा ६ वर्षांचा, पहिलीत. अभ्यासात लक्ष लागत नाही. जाऊबाईंनी दुबईहून कॉड लिव्हर ऑइलची बाटली आणली आहे, रोज एक चमचा दे म्हणतात, बुद्धी तल्लख होते. मल्टिव्हिटॅमिन सिरप आधीपासून चालू आहे. मुलगा मासे खात नाही. माशाचं तेल लहान मुलांना सुरक्षित असतं का?

ताई, बाटली अजून फोडली नसेल तर तशीच राहू द्या आणि आधी मागचं लेबल वाचा. मी डोंबिवलीत फार्मासिस्ट आहे, काउंटरवर उभं राहून एकोणीस वर्षं झाली. "माशाचं तेल द्या" म्हणून येणाऱ्यांपैकी बहुतेकांना ठाऊक नसतं की या नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

साधं फिश ऑइल निघतं माशाच्या अंगातल्या चरबीतून. त्यात मुख्यतः ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ आम्लं. कॉड लिव्हर ऑइल निघतं कॉडच्या यकृतातून, म्हणजे मटणवाल्याच्या भाषेत कलेजीतून. ओमेगा-३ त्यातही आहे, पण यकृत म्हणजे ए आणि डी जीवनसत्त्वांचं कोठार, तेही तेलात उतरतं. सी जीवनसत्त्व जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं. ए तसं जात नाही, ते शरीरात साठत राहतं.

आता हिशोब. जुन्या पद्धतीच्या, काही कमी न केलेल्या कॉड लिव्हर ऑइलच्या एका चहाच्या चमच्यात साधारण ४,५०० आययू (जीवनसत्त्वं मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक) 'ए' असतं, म्हणजे सुमारे १,३५० मायक्रोग्रॅम. ४ ते ८ वर्षांच्या मुलासाठी अमेरिकेत ठरवलेली रोजची कमाल मर्यादा आहे ९०० मायक्रोग्रॅम. एका चमच्यातच ती ओलांडली गेली, आणि तुमचं सिरप तर अजून मोजलेलंच नाही. बऱ्याच सिरपांत 'व्हिटॅमिन ए पाल्मिटेट' असतं, ते हेच 'ए'. एखाद्या दिवशी जास्त गेलं म्हणून काही होत नाही. महिनोन् महिने असंच चाललं तर डोकेदुखी, उलट्या, चिडचिड, त्वचेची सालं निघणं, हाडं दुखणं, यकृतावर ताण असे प्रकार होतात. हल्ली काही कंपन्या 'ए' कमी करून तेल विकतात, म्हणूनच म्हटलं की लेबल वाचा. आकडा आययूमध्ये असेल तर ३.३३ ने भागा, मायक्रोग्रॅम मिळतील. (गाजर-पपईतल्या 'ए'ची काळजी नको. शरीर ते लागेल तेवढंच बनवून घेतं.)

हे शहाणपण मलाही उशिराच आलं. मुलगी चार वर्षांची असताना सासूबाई तिला प्रेमानं रोज असंच तेल द्यायच्या, बायको सकाळी सिरप द्यायची, आणि अंगणवाडीत दर सहा महिन्यांनी मिळणारा 'ए'चा दोन लाख आययूचा डोसही नुकताच झाला होता. तो सरकारी डोस पाच वर्षांपर्यंत असतो, तुमचा मुलगा त्यातून बाहेर पडला आहे. पण तिघांनी तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या दिल्या आणि बेरीज कोणीच केली नाही, दिवसभर दुसऱ्यांची लेबलं वाचणाऱ्या मीसुद्धा. एके दिवशी ती मांडीवर बसून ढेकर देत म्हणाली, "बाबा, माझ्या पोटात मासा आहे." वास खरंच आला. तेव्हा कपाट उघडून सगळ्या बाटल्या ओट्यावर मांडल्या. तिला काही त्रास झाला नाही, पण तेल त्याच दिवशी बंद केलं.

साधं फिश ऑइल त्या मानानं निरुपद्रवी. मासळीची ढेकर, मळमळ, पातळ शी, एवढाच त्रास बहुधा होतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २ ते १८ वयासाठी ईपीए आणि डीएचए मिळून रोज सुमारे २५० मिलिग्रॅम असा सल्ला दिला आहे. कॅप्सूलवर '१००० मि.ग्रॅ.' छापलेलं असतं ते तेलाचं वजन. त्यातलं ईपीए १८० आणि डीएचए १२० असा नेहमीचा मेळ, म्हणजे कामाचं तीनशेच. पारा प्रथिनांना चिकटून मांसात राहतो, तेलात फारसा उतरत नाही. मासे खाऊन मुलाच्या अंगावर कधी गांधी उठल्या असतील, रक्त न गोठण्याचा त्रास असेल किंवा एखादं ऑपरेशन ठरलं असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंबही नको. मोठी कॅप्सूल लहान मुलाला गिळायला देऊ नका, घशात अडकते. गमी देणार असाल तर डबा उंचावर ठेवा, पोरं ती गोळ्या-चॉकलेटसारखी फस्त करतात.

राहिली बुद्धी. इथे मी स्वतःच्या गल्ल्याविरुद्ध बोलतो. ऑक्सफर्डमध्ये ७ ते ९ वर्षांच्या, वाचनात मागे असलेल्या मुलांना १६ आठवडे रोज ६०० मिलिग्रॅम डीएचए देऊन पाहिलं. २०१२ साली निकाल आला तेव्हा सगळ्या मुलांत मिळून फरक दिसला नाही, फक्त सर्वांत मागे असलेल्यांत थोडी सुधारणा दिसली. तोच प्रयोग पुन्हा केला, २०१८ साली निकाल आला, आणि तीही दिसली नाही. पहिलीतल्या मुलाचं लक्ष न लागणं यात झोप, मोबाइल आणि नीट दिसतंय-ऐकू येतंय का, हे आधी पाहिलं पाहिजे. चष्म्याचा नंबर निघाला आणि 'अभ्यासात लक्ष नाही' ही तक्रारच मिटली, असं आमच्या दुकानापुढच्या चाळीतच दोनदा झालंय.

मासे खात नाही म्हणता, पण दिलेत कोणते? सुरमईच्या जाड तुकडीपासून सुरुवात करू नका, मोरी (शार्क) तर मुलांना नकोच, मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. पेडवे किंवा तारली घ्या, स्वस्त आणि तेलकट, ओमेगा-३ भरपूर. कुरकुरीत तळून वरणभाताबरोबर द्या आणि काटे तुम्ही स्वतः काढा. वासानंच पळाला तर आठवडाभरानं परत करून बघा. घर शाकाहारी असेल तर जवस, अक्रोड चांगलेच, पण त्यातल्या ओमेगा-३ चं डीएचए शरीरात फार थोडं बनतं. त्यापेक्षा शेवाळापासून काढलेलं डीएचए मिळतं, तेच मासेही शेवाळ खाऊन मिळवतात.

जाऊबाईंचं मन मोडायचं नसेल तर बाटली बालरोगतज्ज्ञांकडे न्या, सिरपही सोबत न्या. "माशाचं तेल देते" एवढंच सांगितलंत तर त्यांना 'ए'चा आकडा कळणार नाही. ते नको म्हणाले आणि घरातलं कोणी मोठं ती बाटली घेणार असेल, तर गरोदर बाईला देऊ नका, आणि रक्त पातळ करायची गोळी कोणाला चालू आहे का तेही विचारून घ्या.