मिसळीला दोषी ठरवू नका
नाशिकमध्ये राहून रविवारची मिसळ टाळायची कशी, असे आपण विचारले आहे. माझ्या मते आधी तो प्रश्नच सोडून द्यावा. अमेरिकेतील दोन आहारतज्ज्ञांनी १९९५ मध्ये मांडलेल्या ‘इंट्युइटिव्ह ईटिंग’ (शरीराची भूक आणि तृप्ती ओळखून खाणे) या पद्धतीत पदार्थांना चांगले-वाईट ठरवत नाहीत, कारण जे वर्ज्य ठरते त्याचीच ओढ वाढते आणि संधी मिळताच हात आवरत नाही. पहिला पाव संपल्यावर क्षणभर थांबावे, रस्सा अजून तितकाच चवदार लागतो का हे पाहावे आणि पोट भरले असेल तर दुसरा पाव निःसंकोच ताटात राहू द्यावा (रस्सा वाढणारा आग्रह करील, त्याला करू द्यावा). सुरुवातीला खाणे थोडे वाढू शकते. त्याने घाबरू नये. मधुमेह असल्यास मात्र डॉक्टरांशी बोलूनच सुरुवात करावी.