वाचकांचे प्रश्न : चांगलं व्हेलम कुठून आणायचं?

प्रश्न (फोंड्याहून एक वाचक): नमस्कार ताई, आमच्या घरी पोर्तुगीज काळातलं एक लॅटिन पुस्तक आहे. कव्हर पिवळट, कडक, पार वाकडं झालंय आणि पाठीवर फाटलंय. बाइंडिंग मी हौसेने शिकलोय. ह्यासाठी चांगल्या क्वालिटीचं व्हेलम (म्हणजे न कमावता, ताणून सुकवलेलं जनावराचं कातडं) कुठे मिळेल? ओळखीचे एक तबलेवाले म्हणतात बकऱ्याचं कातडं मी देतो, ते चालेल का?

उत्तर: दादा, तबल्याचं कातडं नको. तेही कमावलेलं नसतं आणि व्हेलमही कमावलेलं नसतं, त्यामुळे गोंधळ होतो, पण तबल्याचं कातडं आवाजासाठी निवडतात, त्यात चरबी राहिली काय किंवा जाडी कमीजास्त झाली काय, तिथे फारसं अडत नाही. पुस्तकावर मात्र तीच चरबी डाग होऊन वर येते. व्हेलमचं कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढतात, मग चौकटीवर ताणून अर्धगोल पात्याच्या सुरीने खरवडतात आणि ताणातच सुकू देतात. ताणात सुकल्यामुळे आतले तंतू सपाट बसतात, म्हणून ते इतकं पातळ असूनही कडक असतं.

मिळायचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये न्यूपोर्ट पॅग्नेलला विल्यम काउली म्हणून 1870 पासूनचा कारखाना आहे, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात पर्गामेना आहे. (ब्रिटिश संसदेने 2017 पासून कायदे व्हेलमवर छापायचं बंद केलं, आता फक्त कव्हरपुरतं वापरतात, तेव्हा असे कारखाने टिकलेत हेच खूप.) मागवताना नुसतं 'व्हेलम पाठवा' लिहू नका, बाइंडिंगसाठी हवंय असं स्पष्ट लिहा, कारण लिहिण्यासाठीच्या कातड्याचा पृष्ठभाग वेगळा तयार करतात. वासराच्या कातड्याच्या भानगडीत पडू नका, बकऱ्याचंच घ्या, आणि ऑर्डर द्यायच्या आधी कस्टम एजंटला कागदपत्रं विचारून घ्या. मेंढीचं स्वस्त पडतं पण तेलकट असतं आणि त्याचे थर सुटतात, मी तरी कव्हरसाठी घेत नाही.

कातडं हातात आलं की आधी उजेडासमोर धरून बघा, सोलताना लागलेले सुरीचे वार, पातळ पडलेल्या जागा, शिरा सगळं दिसतं. शिरा असल्या तर असू देत, उलट छान दिसतात, पण वार नकोत. पोटाकडचा आणि बगलेचा भाग सैल असतो, तो नंतर सुरकुततो, तिथलं कापू नका. जनावराचा कणा पुस्तकाच्या पाठीला समांतर येईल असं बेतायचं. आणि फार पांढरंशुभ्र दिसलं तर वर रंग किंवा खडू चोपडलाय का ते विचारा, त्याखाली बरंच काही लपतं.

पण खरं सांगू का, तुमच्या पुस्तकाला नवीन व्हेलम लागेलच असं वाटत नाही. फाटलेल्या जागी जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या स्टार्चची घट्ट खळ, तीही अगदी कमी, एवढ्यावर बरेचदा भागतं. ओलं फडकं, इस्त्री, हेअरड्रायर अजिबात नको, ओलं व्हेलम तापलं की आकसतं आणि परत कधीच सरळ होत नाही. वाकडेपणा दमट हवेचा असणार, तेव्हा पावसाळ्यात त्याला हातच लावू नका. आणि जुनं कव्हर मऊ, पुठ्ठ्याशिवायचं असेल तर ते टाकून नवं करायचा विचारसुद्धा नको! 1966 च्या फ्लॉरेन्सच्या पुरात भिजलेल्या पुस्तकांमध्ये असली मऊ व्हेलमची बाइंडिंगंच चांगली टिकलेली सापडली, कारण त्यात पाठीवर सरस जवळपास नसतो, सगळं शिवणीवर आणि चामड्याच्या पट्ट्यांवर पेललेलं असतं. हात लावायच्या आधी एकदा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे तिथे विचारून बघा.

प्रश्न (नाशिकहून): स्टेशनरीच्या दुकानात 'व्हेलम' नावाचा अर्धपारदर्शक कागद मिळतो, तो वापरून वहीला कव्हर करता येईल का?

उत्तर: वहीला करा की, पण तो झाडाच्या लगद्याचा कागद आहे, कातड्याशी त्याचा काही संबंध नाही. घडीवर पांढरी रेघ पडते आणि पातळ खळ लावली की लाटा येतात, म्हणून चिकटवू नका, नुसता दुमडून घाला.